फाटकावरचा कप

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी सात वाजता गावाचा पाट साफ करायचा होता.

आमच्या आळीत बारा घरं. वर्षातून दोनदा प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन येतो आणि शेतांच्या कडेने जाणाऱ्या पाटातला गाळ उपसतो. या वर्षी हांचो मी होते. हांचो म्हणजे जपानीत आळीची मुकादम. पाळीपाळीने एकेका घराकडे वर्षभर हे काम येतं. हजेरी घ्यायची, कचऱ्याच्या जागेवरची जाळी सांभाळायची आणि सूचनांची फाइल पहिल्या घरी पोचवायची. मग ती फाइल घराघरातून फिरते. जो तो वाचतो, शिक्का मारतो, शेजारी देऊन येतो. फाइलमधून जे फिरलं ते गावाला कळलं. जे फिरलं नाही ते कोणी सांगितलंच नाही असं धरतात.

बारा घरांची बारा माणसं आली. शिवाय चार जण जास्त. कमळकाकडीच्या शेतमालकाकडे जावा बेटावरून आलेले चार कामगार आहेत, ते रबरी बूट घालून, स्वतःची फावडी घेऊन आले होते. मालकाने त्यांना राहायला दिलेली पत्र्याची खोली आमच्याच आळीत, पण आळीच्या यादीत ते नाहीत. त्यांतले जुने तिघे मागची दोन वर्षं असेच न बोलावता आले होते आणि सगळ्यात जास्त गाळ त्यांनीच काढला होता. या वेळी ते जिथे उभे राहिले तिथून माणसं दोन-दोन पावलं सरकत गेली. शेवटी ते चौघे पाटाच्या एका टोकाला आणि आम्ही बारा दुसऱ्या टोकाला, असं झालं.

"हांचो-सान, आज हजेरी सोळा का?" शेजारच्या बाई म्हणाल्या. साठीच्या, काटक, गावात सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या. "चहाच्या बाटल्या बाराच आणल्या असतील ना तुम्ही?"

"सोळा आणल्यात," मी म्हटलं.

"वा वा. मग जाताना फावडीही मोजून घ्या."

दोघीतिघी हसल्या. मीही हसले.

त्याच आठवड्यात शेतांमधल्या तीन पंपघरांतली तांब्याची केबल कोणीतरी कापून नेली होती. पाट झाल्यावर दहा वाजता त्यावर सभागृहात बैठक होती आणि त्या चौघांनाही तिथे यायला सांगितलं होतं. कशासाठी, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं.

चौघांमधला मोठा पस्तिशीचा. बुटका, रुंद खांद्याचा, पुढचा एक दात अर्धा. तीन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या व्हिसावर आला होता. मार्चमध्ये तीन वर्षं पूर्ण झाली की पुढचा पाच वर्षांचा व्हिसा मिळायचा होता. परीक्षा तो पास झाला होता. आता फक्त मार्चपर्यंत तक्रार न होता दिवस काढायचे. मध्येच परत पाठवलं गेलं तर पुन्हा इथे पाऊल टाकता येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याने ते मला तीनचार वेळा सांगितलं होतं. घरी बायको आणि आठ वर्षांची मुलगी. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं.

त्याची माझी ओळख मिरच्यांमुळे झाली. माझा नवरा त्सुकुबा शहरातल्या एका संस्थेत शास्त्रज्ञ आहे. तिथल्या फ्लॅटमध्ये मला करण्यासारखं काही नव्हतं म्हणून नऊ वर्षांपूर्वी आम्ही वीस मिनिटांवरच्या या गावात जुनं घर भाड्याने घेतलं, आणि गावप्रमुखांनी त्यांचा एक पडीक तुकडा मला कसायला दिला. मी मेथी, हिरव्या मिरच्या आणि अळू लावते, आणि राजधानीत फुनाबोरी-कोतोकडे राहणाऱ्या आपल्या भारतीय लोकांना कुरिअरने खोकी पाठवते. जमिनीचा करार दर मार्चला नव्याने होतो. त्यावर प्रमुखांचा शिक्का लागतो. एका रविवारी हा माणूस बांधावर उभा राहून मिरच्यांकडे बघत होता. मी मूठभर दिल्या, त्याने एक तिथेच कच्ची खाल्ली. पुढच्या रविवारी येऊन त्याने न सांगता माझे चार वाफे ओढून दिले. मला तो 'बू' म्हणायचा. त्याच्याकडे मोठ्या बाईला तसंच म्हणतात.

आम्ही दोघंही जपानी मोडकंतोडकंच बोलतो, त्यामुळे एकमेकांचं बरोबर कळतं.

सप्टेंबरच्या शेवटी मेथीसाठी जमीन करताना त्याने त्याच्या गावाबद्दल सांगितलं. तेव्हाही गावात चोऱ्या चालू होत्या. कोणाचे रॉकेलचे डबे, कोणाचं गवत कापायचं यंत्र.

"आमच्याकडे दाराला कुलूप नसतं," तो म्हणाला. "रोज रात्री आठ माणसं फिरतात. घराघराची पाळी असते. दारावर एक डबी टांगलेली असते, त्यात घरातल्या बाईने चिमूटभर तांदूळ ठेवायचा. फिरणारे तो गोळा करतात. डबी रिकामी असली तर सकाळी जाऊन विचारतात, बाई आजारी आहे का."

"आणि चोर सापडला तर?"

"लाकडाचा पोकळ ओंडका असतो, तो जोरात वाजवायचा. सगळं गाव येतं."

"येऊन?"

"मारतं," तो म्हणाला, आणि कुदळ मारत राहिला. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, "मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा एक सापडला होता. पोत्यात दोन कोंबड्या होत्या. लोक म्हणाले, नाव सांग. त्याने सांगितलं. पण ओंडका वाजत होता, कोणाला ऐकू आलं नाही."

"मेला?"

"सकाळी. पलीकडच्या गावचा होता, बहिणीकडे निघाला होता. वाट चुकला. कोंबड्या त्याच्याच होत्या."

"आणि तू काय करत होतास?"

"मी बॅटरी धरली होती, बू. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून."

त्याचा आवाज जराही बदलला नाही. मीही पुढे काही विचारलं नाही, वाफा पुरा करायचा होता. जाताना तो म्हणाला की तेव्हापासून त्यांच्या गावात नियम झाला. जो रात्री फिरणार त्याचं नाव आधी मुखियाच्या दाराशी पाटीवर लिहायचं, सगळ्या गावाने वाचायचं. नाव न लिहिता कोणी फिरायचं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तो एक कागद घेऊन आला. चौघांनी शनिवारी रात्री आळीत फेरी मारायचं ठरवलं होतं. डिसेंबरात आमच्या गावचे अग्निशमनवाले आग सांभाळा म्हणत लाकडाच्या पट्ट्या वाजवत फिरतात, ते त्यांच्यातल्या जुन्यांनी दोन वर्षं पाहिलं होतं. म्हणजे फिरणं इथेही चालतं, अशी त्यांची समजूत. शिवाय आपण या आळीत राहतो, पाट उपसतो, तर राखणीलाही आपला माणूस द्यायला हवा. कागदावर लहान मुलांच्या अक्षरात लिहिलं होतं की आम्ही चार जण शनिवारी रात्री गावातून फिरू, चोऱ्या होतात म्हणून. हातात बॅटरी असेल. कृपा करून घाबरू नका. खाली चार नावं, आणि नावांसमोर पासपोर्टसाठी काढलेले चार फोटो चिकटवलेले.

"फाइलमध्ये घालाल का? सगळ्यांनी वाचल्यावरच सुरू करू."

मी कागद घेतला. त्या आठवड्याच्या फाइलमध्ये फ्लूच्या लसीची सूचना होती आणि आगीच्या सरावाचं पत्रक. बाहेरच्यांचा कागद घालायचा तर आधी प्रमुखांकडे जाऊन शिक्का घ्यावा लागतो. प्रमुख बसा म्हणतात, चहा येतो, शंभर प्रश्न येतात, सकाळ जाते. मला अळूच्या चाळीस जुड्या बांधून खोकी दुपारच्या गाडीला द्यायची होती. कागद मी बियाण्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, पुढच्या वेळी बघू म्हणून.

पुढच्या रविवारी त्याने विचारलं, "बू, फाइल फिरली का?"

"हो, फिरली," मी म्हटलं.

"सगळ्यांनी वाचलं?"

"शिक्के आलेत सगळ्यांचे."

हे खरं होतं. लसीच्या सूचनेवर आले होते.

त्याच दिवशी त्याने माझ्या फाटकाला दह्याचा रिकामा कप तारेने अडकवला. म्हणाला, सगळ्या घरांना लावणं बरं दिसणार नाही, एकच लावतो, नुसता रिवाज म्हणून. मग मी दर शनिवारी झोपायच्या आधी त्यात मूठभर तांदूळ टाकायचे आणि सकाळी कप रिकामा असायचा. चार शनिवार असं चाललं. मला त्यात गंमत वाटायची. त्या चार आठवड्यांत आमच्या आळीत काहीही चोरीला गेलं नाही. पाचव्या आठवड्यात, तेही मधल्या वारी कधीतरी, केबल गेली.

दहा वाजता सगळे सभागृहात तातामीच्या चटयांवर बसलो. पुढे गावप्रमुख. सत्तरीचे, हळू बोलणारे, वाक्य संपलं की हसणारे. त्यांच्या शेजारी कमळकाकडीचा मालक, मान खाली घालून. चौघांना दाराशी बसवलं होतं, चपलांच्या कप्प्याजवळ. कोपऱ्यावरच्या घराला दोन कॅमेरे आहेत, त्यातलं चित्रण लॅपटॉपवर लावलं.

चार माणसं रस्त्याने येतात. बॅटरीचा झोत एका फाटकावर, मग दुसऱ्या. एका पंपघराचं दार ओढून बघतात, बंद आहे ना म्हणून. पण ते बघताना तसं दिसत नाही. मग ती माझ्या फाटकाशी थांबतात आणि त्यांतला बुटका कशात तरी हात घालतो.

"अगं बाई, हे तर हांचो-सानचं घर!" कोणीतरी म्हणालं.

"कप आहे तो. मी रोज बघते," शेजारच्या बाई म्हणाल्या. "मला वाटायचं यांच्याकडची काही पूजा-बिजा असेल."

"खूण असते ती. टीव्हीवर दाखवलं होतं. ज्या घरात शिरायचं असतं तिथे आधी खूण करून ठेवतात."

"बिचारी. नवरा दिवसभर त्सुकुबाला असतो."

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. नऊ वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला. आळीतल्या बारा घरांपैकी मी एकटी परदेशी, आणि त्या क्षणी खोलीतली प्रत्येक बाई माझ्याकडे आपल्यातली म्हणून बघत होती.

प्रमुखांनी चौघांमधल्या मोठ्याला विचारलं, "रात्री तुम्ही काय करत होता?"

"राखण," तो म्हणाला. तो उठून गुडघ्यांवर बसला होता. "चोर येऊ नये म्हणून. सगळ्यांना आधी कळवलं होतं. फाइलमधून कागद फिरला. आमची नावं होती, फोटो होते."

मग माना एकेक करून माझ्याकडे वळल्या.

"हांचो-सान," प्रमुख म्हणाले, "असा कागद तुमच्याकडे आला होता का? आला असेल तरी काही बिघडलं नाही. मग या मंडळींची काही चूक नाही, आपल्याच कामात काहीतरी राहून गेलं. ते आपण वेगळं बघू." आणि ते हसले.

वेगळं म्हणजे काय ते मला समजलं. मार्च समजला, शिक्का समजला. पाठीवरचा हात तसाच होता. मला फार विचार करावा लागला असं मी इथे लिहिणार नाही, कारण लागला नाही.

"नाही," मी म्हटलं. "असा कागद आला नाही."

"आणि कप?"

"माहीत नाही. मुलांनी कोणी अडकवला असेल असं वाटलं."

"बू," तो म्हणाला. मोठ्याने नाही, एकदाच.

"हे 'बू' काय आहे?" कोणीतरी विचारलं.

"त्यांच्या भाषेत काहीतरी असेल," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे जेवढं बघायचं तेवढं बघितलं. मग त्याच्या शेजारी बसलेल्या तिघांकडे. त्यांतल्या एकाला येऊन सातच महिने झाले होते आणि तो रडायच्या बेतात होता. मग त्याने कपाळ तातामीला टेकवलं आणि म्हणाला, "माझी चूक झाली. कागद दिला नसेन, खोलीतच राहिला असेल. हे तिघे मी सांगितलं म्हणून आले. त्यांना ठेवा."

हे त्याने माझ्यासाठी केलं असं मी कधी धरलं नाही. हांचोशी वाद घातला असता तर चौघे गेले असते. कबूल केल्यावर एक गेला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मालक पहिल्यांदा बोलला. "गळ्याइतक्या चिखलात उभा राहतो हा. असा हात माझ्याकडे दुसरा नाही." त्याने मान पुन्हा खाली घातली. "पण पाटाचं पाणी गावाचं आहे. गाव म्हणेल तसं." आणि बाहेर जाऊन त्याने कामगार पाठवणाऱ्या संस्थेच्या माणसाला फोन केला. आत आला तेव्हा म्हणाला, उद्या सकाळी गाडी येते.

केबलबद्दल त्याला शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही. विचारायला पुरावा लागला असता. पोलिसांना कशाला त्रास द्यायचा, असं प्रमुख म्हणाले. चहाच्या चार बाटल्या उरल्या होत्या. त्या मला घरी न्यायला सांगितल्या.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "तो फोटोवाला कागद आला होता ना तुझ्याकडे? बियांच्या ड्रॉवरमध्ये बघितला मी."

"आला होता."

"मग?"

"मग काय? भाजी वाढू?"

त्याने ताट पुढे केलं.

कागद मी फाडला नाही. अजून तिथेच आहे, मेथीच्या पाकिटांखाली. जानेवारीत पलीकडच्या गावातल्या पंपघरांच्या केबली गेल्या, तेव्हा आमच्या आळीत त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. मार्चमध्ये माझ्या करारावर शिक्का पडला, या वेळी प्रमुखांनी तो घरी आणून दिला. हे सगळं पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सोमवारी, मी साडेपाचला उठले. फाटकावरचा कप काढला. शनिवारी टाकलेला तांदूळ त्यात तसाच होता. त्या आठवड्यात बैठकीची सूचना आल्यावर मालकाने चौघांना रात्री खोलीबाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं. तांदूळ दोनदा धुऊन मी कुकरच्या भांड्यात घातला, बाकीच्या तांदळाबरोबर. कप धुतला, त्यावरचं कागदी वेष्टन काढून कागदात टाकलं, कप प्लास्टिकच्या पिशवीत, तार लोखंडाच्या डब्यात. सोमवार प्लास्टिकचा वार. पिशवी घेऊन कचऱ्याच्या जागेवर गेले आणि हांचो म्हणून जाळी उघडली.

जाळी अर्ध्या रस्त्यावर पसरली होती तेव्हाच पांढरी व्हॅन आली. चालकाने हॉर्न दिला नाही, नुसती थांबवली. मागच्या सीटवर तो होता, मांडीवर बॅग, अंगावर मालकाकडचंच निळं जाकीट. काच बंद होती. मी जाळीचं टोक धरून ती बाजूला ओढली, चालकाने मान लववली, मीही लववली. व्हॅन पाटाच्या कडेने मोठ्या रस्त्याकडे गेली.

मग मी जाळी परत पसरली आणि चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. विटा ठेवल्या नाहीत तर कावळे पिशव्या फोडतात.